घाटमाथ्यावरचा गुरुवारचा पाठ

पोस्टकार्डावर मोजक्याच ओळी होत्या. "आपला दर गुरुवारचा विज्ञानाचा पाठ आमच्या शाळेत दिसतो व ऐकू येतो. मुले मन लावून पाहतात. एक विनंती आहे. पाठ वीस मिनिटांऐवजी बारा मिनिटांचा करता आल्यास उपकार होतील. कळावे." खाली बांडे गुरुजी अशी सही, घाटमाथ्यावरच्या एका गावाचं नाव, आणि तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर.

मी तेव्हा दादरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि आठवड्यातून एकदा मुंबईच्या नव्या टेलिव्हिजन केंद्रावरून सातवीच्या मुलांना पाठ देत होते. पाठ आधी टेपवर घ्यायचा, मग गुरुवारी सकाळी अकराला आणि दुपारच्या शाळांसाठी पुन्हा अडीचला तो दाखवायचा, अशी पद्धत होती. एकेका पाठासाठी मी रात्र रात्र जागून आकृत्या काढत असे. आणि हे गृहस्थ त्यातली आठ मिनिटं कापा म्हणत होते.

"पोरं कंटाळत असतील," यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. त्यांनी हे म्हणायला नको होतं. मी त्याच दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला.

केंद्रावरच्या आमच्या निर्मात्यांना पत्रातल्या तक्रारीचं काही नव्हतं. आपलं चित्र एवढ्या लांब दिसतं, यावरच त्यांचा विश्वास बसेना. जिल्ह्यात प्रयोगासाठी दोनतीन शाळांना टेलिव्हिजनचे संच दिले होते, तेव्हा जाताच आहात तर संगमनेरचाही बघून या, असं त्यांनी सांगितलं. अशी मी चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत, एक स्वेटर, एक शाल आणि मनात बारा मिनिटांचा सल घेऊन एस.टी.त बसले.

संगमनेर

संगमनेरला उतरले ती उसाच्या गाड्यांच्या रांगेतच. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, चिपाडांचा वास आणि प्रवरेवरून येणारा बोचरा वारा. स्टँडसमोर एका हॉटेलात शेव घातलेली लालभडक मिसळ खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत शाळा गाठली.

शाळेनं मोठ्या मानानं संच दाखवला. त्याला लाकडी दारं, दारांना कुलूप, आणि कुलपाची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. दारं उघडली, बटण फिरवलं, आणि पडदाभर मुंग्या. काळ्या-पांढऱ्या मुंग्यांचं वारूळ फुटावं तसं नुसतं खरखर खरखर. चित्राचं नाव नाही.

"रोज लावतो आम्ही," हेडमास्तर म्हणाले. "एकदा माणसासारखं काहीतरी दिसलं होतं. पण ते आमच्या शिपायानं पाहिलं."

मुंबई आणि संगमनेर यांच्यामध्ये सगळा सह्याद्री आडवा पडलाय, त्याला कोण काय करणार. त्यांनी प्रेमानं चहा पाजला आणि कार्ड कुणाचं म्हणून विचारलं. नाव ऐकल्यावर ते हसले. "बांडे गुरुजी होय? त्यांनी तो संच मागून घेतला नाही, उचलून नेला म्हणा. अकोल्यात चित्र येत नव्हतं. गुरुजी म्हणाले, डोंगराच्या पलीकडं मुंबई आहे ना, मग मी डोंगरावरच ऱ्हातो, द्या मला. पण उद्या त्यांची परीक्षा आहे. आमचे विस्तार अधिकारी कदम साहेब बघायला जाणार आहेत. पोरं शिकताना दिसली तर संच राहील, नाही तर परत अकोल्याला."

परीक्षा गुरुजींची खरी, पण पाठ माझा होता. मी चहा तसाच ठेवून स्टँडवर आले.

राजूरच्या पुढं

अकोल्यापर्यंत रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना हिरवागार. राजूर सोडलं की जमीन हात-पाय पसरायचं सोडून उठून उभी राहते. भंडारदऱ्याचं धरण उजव्या हाताला ठेवून एस.टी. शेवटच्या फाट्यावर थांबली. पुढे पाटबंधारे खात्याचा ट्रक विश्रामगृहाकडे सिमेंट नेत होता, त्यात ड्रायव्हरनं मला पुढे बसवलं. वाटेत ट्रक दोनदा गरम होऊन थांबला आणि दोन्ही वेळा खाली उतरून मी जलाशयाकडे बघत बसले. आमच्या मुंबईला समुद्र आहे, पण तो सतत काहीतरी बोलत असतो. हे पाणी अगदी गप्प होतं.

भात कापून झालेली खाचरं, कडेला खुरासणीचा, म्हणजे कारळ्याचा, पिवळा पेंढा, आणि एका टेकाडावर उंच बांबू. बांबूच्या टोकाला एरियलचे ॲल्युमिनियमचे दांडे. ते दिसले आणि माझा राग निम्मा उतरला, हे कबूल करायला हवं.

शाळा म्हणजे कौलारू लांबट खोली आणि पुढे ओटा. बांडे गुरुजी पन्नाशीचे, काटकुळे, धोतर आणि कोटातले. विजेची तार विश्रामगृहापर्यंत आली होती, तिथून चार खांब पुढे शाळेपर्यंत ती त्यांनी अर्ज करकरून आणवली होती. मी कोण ते कळल्यावर ते क्षणभर माझ्याकडे आणि मग दारं लावलेल्या संचाकडे बघत राहिले, जणू मी तिथून बाहेर कशी आले याचा त्यांना उलगडा होत नव्हता.

मी वर्गात पाऊल टाकलं तशी मुलं-मुली खाडकन उभी राहिली. मी एरियल, बांबू, वायर यांच्या चौकशीत रमले. पाचसात मिनिटांनी वळून बघते तर सगळी उभीच.

"अरे, बसा की," मी म्हणाले, तेव्हा बसली. आमच्या दादरच्या मुली उठता उठताच बसतात आणि बसता बसता बोलायला लागतात. काय ही शिस्त, असं मनात म्हणून मी तो विषय सोडून दिला.

बारा मिनिटांबद्दल विचारलं तर गुरुजी अवघडले. "तसं काय न्हाई बाई. पाठ लई चांगला असतो. ते आपलं… सवडीनं बोलू."

त्यांनी सवड काढलीच नाही. संध्याकाळी ते मला कड्यावर घेऊन गेले. तिथं जमीन एकदम संपते. खाली कोकण निळ्या धुरात बुडालेलं, आणि सूर्य त्याच्याही पलीकडे. "त्या तिथं तुमची मुंबई," गुरुजी बोट करून म्हणाले. मला काहीच दिसलं नाही. पण त्या दिशेनं माझा आवाज इथवर येतो, या कल्पनेनं माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता.

मुक्काम कोंडाबाईंकडे होता. या शाळेत पाणी भरायच्या, झाडलोट करायच्या, आणि बांबू फिरवायचं कामही त्यांचंच. तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी आणि वालाची आमटी असं जेवण त्यांनी चुलीपुढे बसवून वाढलं. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, इथं आग्रह नाही. ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी पडते, आणि आपण नको म्हणेपर्यंत तिसरी.

"टीव्हीत तुमी जाड दिसता," कोंडाबाई म्हणाल्या. "हितं बऱ्या हायात."

गुरुवार, सकाळ

कदम साहेब दहा वाजता जीपमधून आले. टापटीप कपडे, हातात फायली, बोलणं मोजकं. मुलं उभी राहिली. साहेबांनी हजेरीपट चाळला, भिंतीवरचे तक्ते वाचले, मग "बसा" म्हणाले. मुलं बसली.

पावणेअकराला चित्र लावायचं काम सुरू झालं. ते बघण्यासाठी तरी लोकांनी त्या गावी जावं. टेकाडावर कोंडाबाई बांबूला मिठी मारून उभ्या. टेकाडापासून शाळेच्या दारापर्यंत दहाबारा मुला-मुलींची साखळी. पडद्यापाशी गुरुजी. कोंडाबाई बांबू जरा फिरवतात, गुरुजी म्हणतात "आलं", ते तोंडातोंडी टेकाडावर जातं. तोवर बांबू आणखी फिरलेला, चित्र गेलेलं, आणि मागोमाग "गेलं" निघतं. या आल्या-गेल्याच्या शर्यतीत दोन्ही शब्दांची वाटेत गाठ पडते. पण दहा मिनिटांत मुंग्या हटल्या आणि पडद्यावर केंद्राचं चिन्ह स्थिर झालं. कदम साहेबांनी चष्मा पुसला.

अकराला पडद्यावर मी आले. "नमस्कार मुलांनो," मी तिथून म्हणाले.

वर्ग खाडकन उभा राहिला. "नमस्ते बाई," सगळे एका सुरात म्हणाले.

मी मागं भिंतीपाशी होते. मला हसू आलं, मग छान वाटलं. पडद्यावरची मी तरफ शिकवू लागले. टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे. अडकित्ता दाखवला, कात्री दाखवली. "आता ही आकृती वहीत काढा," मी तिथून सांगितलं. मुलं वह्या छातीशी धरून उभी होती. काही जणांनी उभ्या उभ्या वही उघडायचा प्रयत्न केला, पेन्सिली खाली पडल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक मुलगी या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. बाराव्या मिनिटाला मागच्या रांगेतला एकजण भिंतीला टेकला, आणि गुरुजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं तसा सरळ झाला. गुरुजीसुद्धा दाराजवळ हात बांधून उभे होते.

बारा मिनिटं. माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला.

पाठ संपला. कदम साहेब उठले आणि एकेकाची वही बघत गेले. सगळ्या कोऱ्या.

"गुरुजी," ते शांतपणे म्हणाले, "चित्र येतं हे मान्य. पण पोरं झेंड्याला उभी राहिल्यागत उभी होती. एका वहीत एक रेघ नाही. याला शिकणं म्हणता येत नाही. मी संच जीपमध्ये ठेवायला सांगतो. अकोल्याच्या हायस्कुलात बाकं तरी आहेत."

"अकोल्यात चित्र येत न्हाई साहेब."

"न येऊ दे. कपाटात नीट राहील."

गुरुजी संचाची दारं लावू लागले. मला मात्र राहवेना. "गुरुजी, तुम्ही मुलांना बसा का नाही म्हणत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं होतं. "वर्ग तुमचा हुता बाई. तुमी उभ्या केलेल्या पोरांस्नी मी कसा बसवनार? सकाळी साहेब आलं, तवा पोरं कुनाच्या शब्दानं बसली? साहेबांच्याच ना?"

कदम साहेबांनी फाइल बंद केली.

"मग कार्डात तसं लिहायचं होतं."

"पाव्हन्या मास्तरनीला वर्गात कसं वागावं, ते मी लिहू?" गुरुजी म्हणाले. "म्हनून म्हनलं, पाठच जरा आखूड मागावा. पोरांचं पाय भरून येत्यात."

मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. पंचवीस वर्षं शिकवत होते मी. कॅमेऱ्यापुढे नमस्कार म्हणायचं शिकले होते, हसायचं शिकले होते, पदर कसा घ्यायचा तेही शिकले होते. आणि मुलांना बसा म्हणायचं विसरले होते. ऐकणारी माणसं समोर नसली की त्यांना पायही असतात हे आपण विसरतो.

"साहेब," मी म्हणाले, "अडीचला हाच पाठ पुन्हा आहे. तोवर संच हलवू नका."

त्यांनी घड्याळ बघितलं. "मला तीनला राजूरला पोचायचंय."

"नाही पोचलात तर राजूर कुठे जात नाही."

हे मी बोलले, याचं नंतर मलाच आश्चर्य वाटलं. साहेब मात्र जेवायला बसले. कोंडाबाईंनी त्यांच्या ताटातही नको म्हणायच्या आत तिसरी भाकरी टाकली, त्यामुळे त्यांनी लवकर उठण्याचा प्रश्नच मिटला.

भाताची गिरणी

दोन वाजता नवी अडचण निघाली. बटण फिरवलं तर पडद्यावर चित्र सुपारीएवढं आणि तेही आचके देणारं. "गिरनी," कोंडाबाई म्हणाल्या. गावात भात सडायची गिरणी होती आणि विजेची तार एकच. गिरणी चालली की शाळेच्या वाट्याला उरलंसुरलं येई. गुरुवारी सकाळी गिरणीवाले इब्राहिमभाई आपण होऊन पाठापुरता पट्टा काढून ठेवत. पण दुपारची वेळ गिऱ्हाइकांची.

कोंडाबाई निघाल्या, त्यांच्यामागे मी. गिरणीत कोंड्याचं धुकं भरलं होतं. पोती घेऊन आलेल्या बायका ओळीनं बसलेल्या. इब्राहिमभाईंच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

"सकाळी झालं ना तुमचं?" ते ओरडून म्हणाले. "आता लांबून मान्सं आलीत. त्यांस्नी अंधार पडायच्या आत डोंगर चढायचाय."

"ईस मिनटं," कोंडाबाई म्हणाल्या.

"सकाळी बी ईसच हुती."

कोंडाबाई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्या बायकांकडे वळल्या. "साहेब टीव्ही न्यायला आलाय. ह्या बाई मुंबईवरनं त्यासाठनं थांबल्यात. तुमी सांगा, भात जरा थांबला तर नासतो का?"

बायकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझा स्वेटर, माझ्या चपला, चष्मा. मग एक म्हातारी आपल्या पोत्यावर नीट टेकून बसली. "माजी नात हाय सातवीत," ती म्हणाली. "बंद कर रं इब्राहिमा. मला बी जरा डोळा लागंल."

इब्राहिमभाईंनी पट्टा उतरवला. गिरणी थांबल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात शाळेतून येणारा "आलं, आलं" असा गलका ऐकू आला. आम्ही दोघी धावतच सुटलो. या वयात मी तशी शेवटची कधी धावले होते, मला आठवत नाही.

अडीचला पडद्यावर मी, आणि पडद्याशेजारी मी. "नमस्कार मुलांनो," तिथली मी म्हणाली. वर्ग उभा राहिला, "नमस्ते बाई" म्हणाला, आणि मग मुलं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागली. कुणाचं ऐकायचं, असा पेच होता.

"बसा," मी म्हणाले.

सगळी गोणपाटांवर बसली. वह्या मांडीवर आल्या, पेन्सिली चालू लागल्या. खोलीत नुसता कागदाचा आवाज. अडकित्त्याच्या जागी म्हातारीच्या नातीनं पहार काढली, पहारीखाली दगड, आणि पलीकडे बांधावरचा धोंडा. टेकू, भार, बल, तिन्ही जिथल्या तिथे. मला अडकित्ता सुचला होता. धोंडा उलथायला पहार लागते हे तिला माझ्याआधी माहीत होतं, तिला फक्त त्याचं नाव हवं होतं.

कदम साहेबांनी ती वही बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, "बाई, आज तुम्ही इथं आहात. पुढच्या गुरुवारी कोण म्हणणार?"

"मीच म्हणेन. तिथून."

"मी येतो बघायला," ते म्हणाले. "पोरं बसली तर संच राहील. नाहीतर जीप रिकामी नेणार नाही."

मुंबई

घोटीमार्गे मी शुक्रवारी परतले आणि घरी न जाता केंद्रावर गेले. पुढच्या गुरुवारचा पाठ टेपवर आधीच तयार होता. त्यात बसा नव्हतं. निर्मात्यांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते, ऐकून मनापासून हसले. मग म्हणाले, एका शब्दासाठी स्टुडिओ मिळणार नाही. शहरातली मुलं बसलेलीच असतात, त्यांना हे चमत्कारिक वाटेल.

"बसलेल्या माणसाला बसा म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही," मी म्हणाले. "उभ्या असलेल्याला म्हटलं नाही तर बिघडतं."

ते नाहीच म्हणाले. मी शनिवारी गेले, सोमवारी गेले. मंगळवारी स्टुडिओच्या दाराशी स्टुलावर बसून मी माझ्या वर्गाच्या वह्या तपासल्या. आत-बाहेर करणारा प्रत्येकजण मला ओलांडून जाई. बुधवारी संध्याकाळी बातम्यांच्या आधी दहा मिनिटं मोकळी निघाली. निर्माते म्हणाले, "चला, एकदाच."

गुरुवारी तो पाठ दाखवला गेला, आणि त्यानंतरच्या मंगळवारी नवं कार्ड आलं. तसंच, मोजक्या ओळींचं.

"गुरुवारी आपण बसा म्हणालात. मुले बसली. वह्या भरल्या. साहेबांनी पाहिल्या व संच येथेच ठेवण्याचा शेरा दिला. इब्राहिमभाईंनी गिरणी बंद ठेवली होती. पाठ वीस मिनिटांचाच असू द्यावा. मी उभा होतो. वर्गात दुसरे शिक्षक शिकवीत असता मला बसता येत नाही. कळावे."

पुढचा पाठ त्याच दुपारी टेपवर घ्यायचा होता. दिवे लागले, मी खडू हातात घेतला, कॅमेऱ्यामागून खूण झाली.

"नमस्कार मुलांनो. बसा," मी म्हणाले. मग मुलांच्या डोक्यांवरून, दाराजवळ हात बांधून उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जिथे असतील तेवढ्या उंचीवर बघितलं.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा बसा."